‘येरू’ ते ‘धम्मलिपी’ : संपादक-समीक्षक राजा ढाले आणि आपण

१६ जुलै २०१९ रोजी राजा ढाले यांचे विक्रोळीच्या राहत्या घरी निधन झाले, तेव्हा बहुतेकांनी त्यांना निरोप दिला तो ‘पँथर’ म्हणून. ते स्वाभाविकच होते. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्यासह ज्यांनी दलित पँथर उभी केली, त्यांत ढाले आघाडीवर होते आणि त्या वर्षांचा दरारा पुढे जन्मभर त्यांच्या नावाला चिकटून राहिला. पण या दराऱ्याखाली एक दुसरा माणूस झाकला गेला. तो माणूस पँथरच्या आधीपासून लिहीत होता, चित्रे काढत होता, स्वतःच्या खिशातून नियतकालिके काढत होता आणि मराठीतल्या मोठमोठ्या नावांची परीक्षा घेत होता. पँथर विसर्जित झाल्यावरही त्याचे हे काम थांबले नाही. आम्हाला लिहायचे आहे ते या दुसऱ्या माणसाविषयी, म्हणजे संपादक आणि समीक्षक ढाले यांच्याविषयी.

मुस्लिम लेखकांच्या वार्षिकात राजा ढाले कशासाठी, असे काही वाचक विचारतील. उत्तर सरळ आहे. आपल्याकडे कवी आहेत, कथाकार आहेत, आत्मकथने आहेत. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतरही संमेलने भरत राहिली. मात्र आपल्या लेखनाची कठोर पारख करणारा आणि त्या पारखीसाठी स्वतःचे नियतकालिक चालवणारा समीक्षक आपल्याला मिळालेला नाही. एखादे साहित्य असा माणूस कसा घडवते आणि त्याच्याकडून स्वतः कसे घडते, हे पाहायचे तर ढाले यांच्याइतके जवळचे उदाहरण नाही. जवळचे अशासाठीही की घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या रेल्वेमार्गावर आपल्यातले कितीतरी वाचक राहतात.

ढाले यांचा जन्म ३० सप्टेंबर १९४० रोजी सांगली जिल्ह्यातील नांद्रे या गावी झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि ते मुंबईला आले, वरळीत वाढले. वाचनाचे वेड, चित्रकलेचा हात आणि वळणदार अक्षर एवढी पुंजी होती. साठीच्या दशकात मराठीत लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. तिची सुरुवात त्याआधीच झाली होती. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी १९५५ मध्ये ‘शब्द’ काढले होते, १९६३ पासून अशोक शहाणे यांचे ‘असो’ निघाले. दिलीप चित्रे काय, शहाणे काय, ही मंडळी इंग्रजी, बंगाली वाचलेली आणि मध्यमवर्गाच्या आतून मध्यमवर्गाला कंटाळलेली होती. ढाले त्यांच्यात सामील झाले ते बाहेरून येऊन. कंटाळा त्यांनाही होता, पण त्यांच्या कंटाळ्याला जातीचा अनुभव जोडलेला होता आणि त्यामुळे त्याचा राग झाला.

त्यांनी काढलेल्या, चालवलेल्या नियतकालिकांची नावेच पाहावीत. ‘येरू’, ‘तापसी’, ‘चक्रवर्ती’, ‘जातक’, ‘विद्रोह’, ‘धम्मलिपी’. जुन्या मराठीत ‘येर’ म्हणजे दुसरा, इतर. आजच्या बोलण्यात ‘येरू’ म्हणजे कोणीतरी गबाळा, ज्याला कोणी मोजत नाही असा इसम. मासिकाला असे नाव देणे ही थट्टा तर आहेच, पण आम्ही तेच, तुमचे ‘इतर’, असे सांगणेही आहे. ‘जातक’ या शब्दात ज्योतिषाची कुंडली आणि बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा असे दोन्ही अर्थ नांदतात. ‘धम्मलिपी’ हा तर सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांसाठी वापरलेला शब्द. थट्टेपासून विद्रोहाकडे आणि विद्रोहापासून शिलालेखाच्या स्थैर्याकडे, असा या माणसाचा प्रवास नुसत्या मुखपृष्ठांवरून वाचता येतो. शब्द निवडताना त्याच्या मुळापर्यंत जायचे ही त्यांची सवय होती आणि समीक्षक म्हणून ती त्यांची खरी ताकद होती असे आम्हास वाटते.

ही नियतकालिके म्हणजे काय होती, हे आजच्या तरुण वाचकाला सांगायला हवे. जाहिराती नाहीत, वर्गणीदारांची यादी नाही, निघण्याचा दिवस ठरलेला नाही. पैसे जमले की अंक. कधी चक्रमुद्रित, म्हणजे सायक्लोस्टाइलवर काढलेला, कधी ओळखीच्या छापखान्यात रात्री छापून घेतलेला. प्रती थोड्या, त्या हातोहात वाटायच्या. संपादकच मुद्रितशोधक, तोच चित्रकार, तोच हमाल. ज्यांनी आपल्याकडे एखादे उर्दू रिसाला निघताना पाहिले आहे त्यांना हे चित्र नवे नाही. अशा अंकाला मान मिळत नाही, पैसा मिळत नाही. एक गोष्ट मात्र मिळते. काय छापायचे आणि काय नाही, हे ठरवताना कोणाची परवानगी लागत नाही.

ढाले यांच्या टीकालेखनात सर्वांत गाजला तो ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा लेख. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखालील ‘सत्यकथा’ हे तेव्हा मराठी साहित्याचे न्यायालय होते. गिरगावातल्या खटाववाडीतून हे मासिक निघे, त्यात कथा छापून आली की लेखक झाला अशी समजूत होती. ढाले यांनी या न्यायालयालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. नवसाहित्य म्हणून जे सुरू झाले त्याचा साचा झाला आहे, ठरावीक अनुभव, ठरावीक हळवेपणा आणि ठरावीक माणसे एकमेकांना वाखाणत बसली आहेत, अशी त्यांच्या हल्ल्याची दिशा होती. १९६९ मध्ये लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी मौजेच्या दारात ‘सत्यकथे’चा अंक जाळला. लोकांच्या लक्षात राहिली ती होळी. तो लेख आज किती जणांनी वाचला असेल?

येथे आम्हाला थोडे थांबून बोलायचे आहे. छापील कागद जाळणे आम्हाला पटत नाही, मग तो कोणीही आणि कशासाठीही जाळो. ज्या समाजाने दंगलींत घरांबरोबर पुस्तकेही जळताना पाहिली आहेत, त्याने तरी अशा आगीचे कौतुक करू नये. शिवाय ‘सत्यकथा’ केवळ दार अडवणारी नव्हती. आपले हमीद दलवाई घ्या. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा मुलगा ‘मौज’, ‘सत्यकथा’ यांसारख्या नियतकालिकांतूनच कथाकार म्हणून पुढे आला. ‘लाट’ १९६१ चे, ‘इंधन’ १९६५ ची. हस्तलिखितावर संस्कार करणारे, लेखकाला पानेच्या पाने पत्रे लिहिणारे ते संपादक होते. त्यांच्या श्रमाची बरोबरी नंतर फार थोड्यांनी केली. पण हे सगळे मान्य करूनही ढाले यांचा प्रश्न उरतोच. संस्कार करणाऱ्याची अभिरुची हीच एकमेव अभिरुची मानली गेली की दुसऱ्या बोलीतला, दुसऱ्या वस्तीतला लेखक स्वतःचे वाक्य आधीच सोलून, धुऊन पाठवू लागतो. संपादकाला मग नकार देण्याचीही गरज उरत नाही.

हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी आमची एक कथा मुंबईतल्या एका मासिकाने परत पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत कथेविषयी एक अक्षर नव्हते. मुस्लिम स्त्रियांच्या प्रश्नावर, विशेषतः तलाकवर काही लिहिले तर अवश्य पाठवा, एवढाच निरोप होता. कथा होती लोकलच्या पासाची आणि एका बापाने मारलेल्या खोट्या सहीची. ती वाईट असेल तर तसे सांगायला हवे होते. पण ती वाईट की चांगली हा प्रश्नच तिथे पोहोचला नाही. आमच्याकडून विषय हवा होता, वाक्य नको होते. ढाले ज्या रागाने लिहीत त्याची थोडी धग आम्हाला त्या दिवशी कळली.

त्यांचा दुसरा गाजलेला लेख म्हणजे ‘काळा स्वातंत्र्यदिन’. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’ विशेषांकात तो आला. त्या अंकाच्या जुळणीमागे अनिल अवचट होते. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली होती, त्याची चीड लेखात होती. राष्ट्रध्वजाविषयीच्या शब्दांवरून महाराष्ट्रभर गदारोळ उठला. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीनेही आक्षेप घेतला. या लेखाकडे राजकीय स्फोट म्हणून पाहिले जाते. आम्ही त्याकडे समीक्षकाचे काम म्हणून पाहतो. ढाले यांनी केले काय? ध्वजाच्या अपमानाला कायद्यात कोणती शिक्षा आहे आणि दलित स्त्रीच्या अपमानाला प्रत्यक्षात काय शिक्षा होते, हे दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवले. दोन मजकूर शेजारी ठेवून त्यांतली विसंगती वाचकाच्या डोळ्यांत भरवणे, ही समीक्षेची सर्वांत जुनी रीत. ‘सत्यकथे’ला लावलेली तीच फूटपट्टी त्यांनी कायद्याच्या पुस्तकाला लावली. भाषा जहाल होती, काही ठिकाणी तोल गेला असेही कोणी म्हणेल. पण खाली रचलेला युक्तिवाद शांत डोक्याचा आहे.

उर्दूत समीक्षेला ‘तनकीद’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी नाणे वाजवून खरे-खोटे पारखणे ही कल्पना आहे. आपल्या घरात उर्दू आणि मराठी दोन्ही असणाऱ्यांना ठाऊक आहे की मुंबईत उर्दूला असे पारखी मिळाले. बाकर मेहदी यांनी ‘इजहार’ काढले आणि मित्र-शत्रू न बघता लिहिले. त्यांच्या फटकळपणाच्या गोष्टी २००६ साली ते गेल्यानंतरही मुशायऱ्यांच्या चहापानात निघत. साजिद रशीद यांनी ‘नया वरक’ चालवले, वृत्तपत्रेही संपादित केली. २०११ मध्ये ते गेले. म्हणजे याच शहरात, याच समाजात संपादक-समीक्षकाची परंपरा होती. मराठीत लिहिणाऱ्या आपल्या पिढीने ती उचलली नाही. आपण उर्दूकडून गझल घेतली, तनकीद तिथेच ठेवून आलो.

ढाले यांच्या विचारातला आपल्याला सर्वांत अडचणीचा आणि म्हणूनच सर्वांत उपयोगी भाग म्हणजे नावाचा प्रश्न. ‘दलित साहित्य’ ही संज्ञा जगभर गाजू लागली, तिचे अनुवाद होऊ लागले, त्या काळात त्या चळवळीच्या आघाडीवरचा हा माणूस ती संज्ञाच नाकारत होता. १९५६ साली ज्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला ते स्वतःला दलित का म्हणवतात, जी अवस्था सोडायची तिचेच नाव साहित्याला का द्यायचे, असे ते विचारत. यावरून त्यांचे स्वकीयांशी वाद झाले. मार्क्सवादाच्या प्रश्नावर १९७४ मध्ये ढसाळ यांच्याशी फाटले, १९७७ मध्ये ढाले आणि पवार यांनी पँथर बरखास्त केली. पुढे त्यांनी मास मूव्हमेंट काढली, निवडणुकाही लढवल्या. त्या भागात आम्ही येथे शिरत नाही.

आता हाच प्रश्न आपल्याकडे वळवून पाहा. ‘मुस्लिम मराठी साहित्य’ हे नाव कशाचे आहे? श्रद्धेचे, जमातीचे की अवस्थेचे? फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे नाव इतिहासाच्या आधारावर मांडले. शेख महंमदांपासूनची मराठी परंपरा आपली आहे आणि ती दाखवायची तर नाव घ्यावेच लागते, ही त्यामागची भूमिका. ती आम्हाला मान्य आहे. पण त्या नावाखाली आज जे येते त्यात दंगल, संशय, तलाक, गरिबी याखेरीज काय आहे, असे कोणी ढाले यांच्या पद्धतीने विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. कोकणातल्या खाडीकाठच्या बोलीत विनोद आहे, मराठवाड्यातल्या दखनी-मिश्रित मराठीत शिव्या आहेत आणि ओव्याही आहेत, कुर्ला-घाटकोपरच्या पोरांची तिसरीच भाषा आहे. ते साहित्यात किती उतरले? पानाच्या तळाशी ‘अब्बा म्हणजे वडील’ अशा तळटीपा देऊन आपण कोणासाठी लिहितो? असे प्रश्न बाहेरचा समीक्षक विचारत नाही, कारण तो आपल्याशी सौजन्याने वागतो. सहानुभूतीने लिहिलेले परीक्षण वाचून आपणही खूश होतो.

ढाले यांच्यासमोर ठेवून पाहावे असे आणखी एक उदाहरण आहे. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. १९६७-६८ पासून जवळजवळ अर्धशतक एकच त्रैमासिक, एकच निष्ठा. खेड्यातल्या पोराची कविता आली तर उत्तर जायचे, मेळावे भरायचे, लेखक हळूहळू तयार व्हायचे. पानतावणे मार्च २०१८ मध्ये गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. ढाले यांनी असे एक घर बांधले नाही. त्यांनी सहा नियतकालिके काढली आणि सहाही बंद पडली. पानतावणे यांनी लेखक वाढवले, ढाले यांनी लेखकांना अस्वस्थ केले. साहित्याला दोघेही लागतात. पण एक निवडायचा झाला तर आपल्या आजच्या स्थितीत आम्ही पानतावणे निवडू. आपली रोपे अजून लहान आहेत. फक्त रोपांना पाणी घालताना कोणते रोप आणि कोणते तण, हे ओळखणारी नजर ढाले यांची हवी.

त्यांच्या उणिवाही दिसतात. प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा पूर्ण ऐकून घेण्याइतका संयम त्यांच्या वादलेखनात नेहमी राहत नाही. लेखन विखुरलेले राहिले; ज्या अंकांत ते आले ते अंकच अल्पायुषी, त्यामुळे त्यांच्या समीक्षेचा एकसंध विचार नव्या अभ्यासकाच्या हाती सहज लागत नाही. आणि पँथरच्या पिढीतल्या एकूणच पुरुष टीकाकारांविषयी एक गोष्ट बोलली पाहिजे. शाहीर अमर शेख यांची मुलगी, नामदेव ढसाळ यांची पत्नी मलिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ लिहिले, तेव्हा चळवळीच्या घरात काय चालते याचा हिशेब मराठीत प्रथमच इतक्या उघडपणे मांडला गेला. प्रस्थापितांच्या प्रत्येक ओळीची चिरफाड करणाऱ्या त्या पिढीला या पुस्तकाला पुरेशी पडेल अशी समीक्षा उभी करता आली नाही. आपल्याकडेही मेहरुन्निसा दलवाई यांच्या ‘मी भरून पावले आहे’ची चर्चा हमीदभाईंच्या चरित्राचे साधन म्हणून होते, त्यांच्या गद्याची होत नाही.

विक्रोळीचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला तो केवळ पत्ता म्हणून नाही. मराठी साहित्याचे केंद्र गिरगावात होते, छापखाने तिथे, मासिके तिथे. पुढे नामवंत साहित्यिक वांद्र्याच्या साहित्य सहवासात राहायला गेले. कन्नमवार नगर, टागोर नगर अशा हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींत आणि पार्कसाइटच्या डोंगरावरच्या खोल्यांत दुसरे वाचक, दुसरे लेखक तयार होत होते. तिथे आंबेडकर जयंतीच्या मंडपात भाषण ऐकणारा आणि मोहल्ल्यातल्या वाचनालयात वर्तमानपत्र चाळणारा, दोघे सकाळी एकाच लोकलला लटकत. या उपनगरांतून आजही अंक निघू शकतो. सोळा पानांचा अंक काढायला आता सायक्लोस्टाइलची शाईसुद्धा लागत नाही, रात्रपाळीच्या छापखान्याची मिनतवारीही नाही. लागतो तो एक माणूस, जो मित्राच्या कवितासंग्रहावर, तो मित्र आहे हे माहीत असताना, खरे लिहील आणि पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर त्याच्याशी हस्तांदोलनही करील.

तोवर निदान एवढे तरी करता येईल. ‘येरू’ आणि ‘विद्रोह’चे जुने अंक ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत, आणि त्याच माळ्यावर सोलापूरच्या संमेलनापासूनच्या आपल्या स्मरणिका, आपल्या कवींची स्वखर्चाने छापलेली चाळीस पानी पुस्तके असतील तर तीही खाली काढावीत. त्यांतली कोणती वाचण्याजोगी आहेत आणि कोणती नाहीत, हे या वार्षिकाच्या पुढच्या अंकापासून नावानिशी लिहिले जावे, अशी आमची संपादकांना विनंती आहे. सुरुवात आमच्या पुस्तकांपासून केली तरी चालेल.